टन खरे, टक्के फसवे

आमच्या पिढीतल्या बऱ्याच मराठी मुलांची रशियाशी पहिली ओळख वह्यांच्या कव्हरांमुळे झाली. रद्दीच्या दुकानात गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं स्वस्तात मिळायची. त्यात ट्रॅक्टर असायचे, धरणं असायची, आणि कुठल्या तरी पानावर सतत वर चढत जाणारा एक आलेख हमखास असायचा. पुढे फौजेत आल्यावर त्याच देशाशी दुसरी ओळख झाली, ती लोखंडातून. टी-७२, बीएमपी, ग्रॅड रॉकेट लाँचर. राजस्थानच्या धुळीत आणि पंजाबच्या चिखलात ही यंत्रं आपण तीन-चार दशकं वापरली. तक्रारी केल्या, शिव्या घातल्या, पण ती चालली.

म्हणून मेसमध्ये गप्पा रंगल्या की एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. असले रणगाडे हजारोंनी बनवणारा देश १९९१ साली एकही मोठी लढाई न होता कोसळला कसा? आणि एवढे उपग्रह, एवढे हेर, एवढे प्राध्यापक असताना त्याची खरी ताकद कुणाला नीट मोजता का आली नाही?

या प्रश्नाचं उत्तर हेरगिरीपेक्षा हिशेबात जास्त सापडतं. दोन आकडे शेजारी ठेवा. सोव्हिएत सरकारच्या अधिकृत आकडेवारीनुसार १९२८ ते १९८५ या काळात देशाचं राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ ९० पट वाढलं. १९८७ साली दोन रशियन माणसांनी हाच हिशेब नव्याने मांडला. त्यांचं उत्तर आलं सहा ते सात पट. देश तोच, कारखाने तेच, काळही तोच. एक साधी चूक झाली किंवा कुणी एकाने खोटं लिहिलं म्हणून इतका फरक पडत नाही. तो साठ वर्षं थोडा थोडा साचत गेला होता. तो कसा साचला, हे समजून घेणं आपल्या धंद्यातल्या माणसाला उपयोगाचं आहे.

१९२६-२७ चे भाव

पहिली पंचवार्षिक योजना १९२८ साली सुरू झाली आणि चार वर्षं तीन महिन्यांत ‘पूर्ण’ झाल्याचं जाहीर झालं. उत्पादन किती वाढलं हे सांगायचं तर वेगवेगळ्या वस्तूंची बेरीज करावी लागते. पोलादाचे टन, कापडाचे मीटर आणि बुटांचे जोड एकत्र मोजायला काही तरी समान माप हवं. ते माप म्हणजे किंमत. भाववाढीमुळे गोंधळ होऊ नये म्हणून एका ठरावीक वर्षाचे भाव धरून सगळी वर्षं मोजतात. सोव्हिएत हिशेबनीसांनी १९२६-२७ चे भाव धरले. इथपर्यंत काही वावगं नाही. जगभर असंच करतात.

अडचण अशी की १९२६-२७ साली ज्या वस्तू बनतच नव्हत्या, त्यांचा भाव काय धरायचा? नवं लेथ मशीन, नवा ट्रक, नवं विमान. यांना बाजारात पहिल्यांदा आल्या वर्षाचा भाव लावला जाई. तोवर महागाई भडकलेली असे, आणि नव्या वस्तूचा सुरुवातीचा उत्पादनखर्चही अवाच्या सवा असे. तो फुगलेला भाव ‘१९२६-२७ चा स्थिर भाव’ म्हणून कायमचा वहीत बसे. त्यामुळे ज्या कारखान्यात नवी यंत्रं जास्त, त्याची वाढ कागदावर जास्त दिसे. हे भाव १९५० पर्यंत वापरात राहिले.

दुसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. कारखान्याचं यश ‘एकूण उत्पादनमूल्या’वर ठरत असे. खाणीने खनिज विकलं, ते मोजलं. भट्टीने लोखंड केलं, त्यात खनिजाची किंमत पुन्हा मोजली. पोलाद झालं, पुन्हा मोजलं. रणगाडा झाला, पुन्हा. एक मोठा कारखाना मोडून त्याचे चार छोटे केले, की एक बोल्टही जास्त न बनवता उत्पादन वाढलेलं दिसे.

या दोन्ही गोष्टींत कुणीही खोटा आकडा लिहिलेला नाही, हे ध्यानात घ्यावं. नियमाप्रमाणे बेरीज केली तरी उत्तर फुगतच होतं.

ट्रॅक्टर आणि बूट

तिसरं कारण जरा खोलात आहे, आणि ते शोधून काढणारा माणूस मूळचा ओडेसाचा होता. अलेक्झांडर गर्शेनक्रॉन १९०४ साली तिथे जन्मला, क्रांतीनंतर देश सोडून व्हिएन्नाला गेला आणि पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. १९५१ साली त्याने सोव्हिएत यंत्रोत्पादन अमेरिकन डॉलरच्या भावांत मोजून पाहिलं. वाढीचा दर अधिकृत आकड्याच्या पुष्कळ खाली आला.

कारण समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका देशात पहिल्या वर्षी १० ट्रॅक्टर आणि १०,००० जोड बूट बनतात. ट्रॅक्टर दुर्मीळ, म्हणून त्याची किंमत १०,००० रूबल. बुटांचा जोड १० रूबल. एकूण उत्पादन झालं २ लाख रूबल. दहा वर्षांनी ट्रॅक्टर २०० झाले आणि बूट १२,०००. जुन्या भावाने हिशेब केला तर उत्पादन २१ लाख २० हजार, म्हणजे साडेदहा पट वाढ. पण दरम्यान ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बनू लागल्यामुळे त्याची किंमत २,००० वर उतरली आणि बूट २० रूबलवर चढले. आता दोन्ही वर्षं या नव्या भावाने मोजा. पहिलं वर्ष २ लाख २० हजार, दहावं वर्ष ६ लाख ४० हजार. वाढ तिपटीहूनही कमी!

बेरजा दोन्ही बरोबर आहेत. जी वस्तू झपाट्याने वाढते तीच स्वस्त होत जाते, म्हणून जुन्या भावांत तिचं वजन जास्त पडतं आणि वाढ मोठी दिसते. अर्थशास्त्रात याला आज ‘गर्शेनक्रॉन परिणाम’ म्हणतात. हा खेळ किती मोठा असू शकतो हे एब्राम बर्गसन या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासकाच्या हिशेबात दिसतं. त्याने १९२८ ते १९३७ या काळातली सोव्हिएत राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ मोजली. १९२८ च्या भावांनी ती वर्षाला सुमारे १२ टक्के आली आणि १९३७ च्या भावांनी सुमारे ५ टक्के.

रणगाड्यांच्या बाबतीतही हेच. युद्धाच्या चार वर्षांत टी-३४ चा उत्पादनखर्च निम्म्यावर आला. १९४१ च्या किमतीने मोजाल तर रणगाड्यांचं उत्पादन प्रचंड मूल्याचं दिसेल, १९४५ च्या किमतीने त्याच्या निम्मं. मैदानावर उभे असलेले रणगाडे मात्र तितकेच.

आकडे सांगणाऱ्यांचं काय झालं

खोटेपणा अजिबात नव्हता असंही नाही. तिथे आकड्यांना भीतीची किनार होती. १९३७ च्या जानेवारीत सोव्हिएत संघात जनगणना झाली. वरिष्ठांची अपेक्षा १७ कोटींहून जास्त लोकसंख्येची होती. मोजून आले सुमारे १६ कोटी २० लाख. मधल्या वर्षांत सामूहिक शेतीच्या सक्तीने आणि १९३२-३३ च्या दुष्काळाने किती माणसं गिळली, त्याचा तो हिशेब होता. जनगणना रद्द झाली. सांख्यिकी खात्याचा प्रमुख इव्हान क्रावाल आणि जनगणनेचा प्रमुख ओलिंपी क्विटकिन या दोघांना अटक करून गोळ्या घातल्या गेल्या. १९३९ साली नवी जनगणना घेतली गेली आणि तिचा आकडा वरच्यांना पटणारा आला.

यानंतर आकडेवारीचं दुकान जवळजवळ बंद झालं. तिसाव्या दशकाच्या शेवटापासून १९५६ पर्यंत देशाच्या अर्थव्यवस्थेचं नियमित सांख्यिकी वार्षिक निघालं नाही. जे जाहीर व्हायचं ते टक्क्यांत: ‘गेल्या वर्षीच्या ११८ टक्के’. गेल्या वर्षी नेमकं किती होतं, ते गुप्त.

कमी लेखण्याची किंमत

टक्के इतके फुगवलेले दिसत होते की बाहेरच्या अनेकांनी उलटा निष्कर्ष काढला: हे सगळंच थोतांड आहे, आत काहीच नाही. असा निष्कर्ष काढणाऱ्यांत जर्मन लष्करही होतं, आणि त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली.

जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याने ऑगस्ट १९४१ मध्येच आपल्या डायरीत नोंद केली की या रशियन राक्षसाला आपण कमी लेखलं. आपण २०० डिव्हिजन धरल्या होत्या, आत्ताच ३६० मोजून झाल्या. जून १९४२ मध्ये हिटलर फिनलंडच्या मॅनरहाइमशी बोलत असताना गुपचूप झालेलं एक ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. त्यात तो कबूल करतो की एखाद्या देशाकडे ३५ हजार रणगाडे असू शकतात असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पोलादाचे टन पाहिले असते तर अंदाज इतका चुकला नसता. १९२८ साली सोव्हिएत संघात ४३ लाख टन पोलाद झालं होतं, १९४० साली १ कोटी ८३ लाख टन. ही चौपट वाढ खरी होती. मॅग्निटोगोर्स्कच्या भट्ट्या खऱ्या होत्या. जर्मन आक्रमणानंतर १९४१ च्या जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत १,५२३ मोठे कारखाने रेल्वेवर चढवून उरल, सायबेरिया आणि मध्य आशियात हलवले गेले. खारकोव्हचा रणगाडा कारखाना निझ्नी तगीलच्या वॅगन कारखान्यात जाऊन बसला. आपला टी-७२ पुढे याच कारखान्यात जन्माला आला, तेव्हा या घराण्याशी आपली ओळख जुनी आहे.

१९४२ साली सोव्हिएत पोलाद उत्पादन ८१ लाख टनांवर घसरलं होतं, जर्मनीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तरी त्या वर्षी त्यांनी सुमारे २४ हजार रणगाडे आणि स्वचलित तोफा बनवल्या, जर्मनीच्या जवळजवळ चौपट. अमेरिकेकडून आलेल्या ट्रकांचा, अन्नाचा आणि इतर मालाचा यात मोठा हातभार होता. तो नसता तर एवढं सगळं रणगाड्यांवर लावता आलं नसतं. पण मोजदादीच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. ठरावीक प्रकारची वस्तू, मोजक्या मॉडेलांत, हवी तितकी, हवी तेव्हा काढायची, हे त्या व्यवस्थेला जमत होतं. ही क्षमता राष्ट्रीय उत्पन्नाच्या कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही.

हाती लागलेली योजना

युद्धात जर्मनांच्या हाती एक दस्तऐवज लागला: १९४१ सालची सोव्हिएत राष्ट्रीय योजना. जर्मनीचा पाडाव झाल्यावर तो अमेरिकनांकडे गेला आणि तिथल्या विद्वानांनी तो छापून काढला. बाहेर कुणाला दाखवायला तो बनवलेलाच नव्हता. शत्रूचा ऑपरेशन ऑर्डर सापडावा तशी ही गोष्ट. आता तपासता येणार होतं की हे लोक जगाला एक आकडे सांगतात आणि घरात दुसरे वापरतात का.

उत्तर अनेकांना अनपेक्षित होतं. दोन वह्या नव्हत्या. आतल्या कामाला वापरलेले आकडे आणि जाहीर झालेले आकडे एकाच हिशेबातले होते. म्हणजे जगाला फसवणारा निर्देशांक त्यांना स्वतःलाही फसवत होता. बर्गसनने यातून धडा घेतला की टनांचे, मीटरचे, नगांचे आकडे सावधपणे वापरता येतील. त्यांची बेरीज मात्र आपण आपल्या पद्धतीने करायची. १९३९ साली कॉलिन क्लार्कने सोव्हिएत आकडेवारीची झडती घेऊन ही वाट दाखवली होती. पुढे बर्गसन, नऊम यास्नी, डोनाल्ड हॉजमन, वॉरन नटर अशा अनेकांनी आयुष्याची वर्षं त्यावर घालवली. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली, पण सगळी अधिकृत दाव्याच्या पुष्कळ खाली होती.

यातला यास्नी हा खारकोव्हचा, वयस्कर आणि तापट माणूस. त्याने त्याच योजनेतले गुप्त पोलिसांच्या खात्याला नेमून दिलेले लाकूडतोडीचे आणि बांधकामाचे आकडे वेगळे काढले, आणि त्यावरून छळछावण्यांत किती माणसं राबत असतील याचा अंदाज बांधला. सरकारने जे मोजलंच नाही असं दाखवलं, ते त्याने लाकडाच्या घनमीटरमधून बाहेर काढलं.

खिळे, झुंबरं आणि मार्च एंड

युद्धानंतर अर्थव्यवस्था गुंतागुंतीची होत गेली तसे टनही दगा देऊ लागले. लक्ष्य टनांत दिलं की कारखाना जड माल काढतो. ‘क्रोकोडिल’ या तिथल्या विनोदी नियतकालिकातलं व्यंगचित्र प्रसिद्ध आहे: खिळ्यांच्या कारखान्याने महिन्याचं लक्ष्य एकच अवाढव्य खिळा बनवून पूर्ण केलं. क्रुश्चेव्हने स्वतः जाहीर तक्रार केली होती की झुंबरांचं लक्ष्य वजनात असल्यामुळे ती इतकी जड होतात की छत खाली यावं. लक्ष्य रूबलमध्ये दिलं तर कारखाना महाग कच्चा माल वापरतो, किंवा जुन्याच यंत्राला एक नवी कळ बसवून ‘नवं मॉडेल’ म्हणून दुप्पट किंमत लावतो. ही छुपी महागाई. कागदावर ती उत्पादनवाढ म्हणून दिसते.

त्यातून महिनाअखेरची झुंबड. पहिले दहा दिवस सुस्ती, शेवटच्या दहा दिवसांत रात्रंदिवस धावपळ. आपल्याकडे सरकारी कचेरीत मार्च एंडला जे दृश्य दिसतं, ते तिथे दर महिन्याला कारखान्यात दिसे. अशा घाईत जोडलेल्या यंत्राचा दर्जा काय असेल हे वर्कशॉपमधल्या माणसाला सांगायला नको. आकड्यात मात्र पाच तारखेचं यंत्र आणि तीस तारखेचं यंत्र एकच.

सत्तरच्या दशकात पोलाद उत्पादनात सोव्हिएत संघाने अमेरिकेला मागे टाकलं. १९८० साली ते सुमारे १४.८ कोटी टन होतं, अमेरिकेचं सुमारे १० कोटी. वह्यांच्या कव्हरांवर यायला हा आकडा उत्तम. पण त्याच वेळी अमेरिका हलक्या मिश्रधातूंकडे, प्लॅस्टिककडे आणि संगणकांकडे वळत होती. एका यंत्रात जितकं पोलाद कमी लागेल तितकी प्रगती, असा काळ आला होता आणि सोव्हिएत मोजपट्टी अजून १९३० च्या शाळेतली होती.

अमेरिकन पगारावरचा रशियन जवान

आता दुसऱ्या बाजूची गंमत. जर्मनांनी कमी लेखलं, तर शीतयुद्धात अमेरिकेने बऱ्याच अंगांनी जास्त लेखलं.

सोव्हिएत संरक्षण खर्चाचा जाहीर आकडा हास्यास्पद होता. सत्तरच्या दशकात तो १७ अब्ज रूबलच्या आसपास वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. म्हणून सीआयए विटेवर वीट रचावी तसा हिशेब करी. उपग्रहातून रणगाडे, विमानं, पाणबुड्या, डिव्हिजन मोजायच्या आणि प्रत्येकाला अमेरिकेत बनवली तर किती खर्च आला असता ती किंमत लावायची. मोजणी चांगली होती. किंमत लावण्यात घोळ होता. सोव्हिएत सक्तीच्या भरतीचा जवान महिन्याला चार रूबल हातखर्चावर राबत असे, पण या हिशेबात त्याला अमेरिकन सैनिकाचा पगार लागे. १९७३ साली अमेरिकेने सक्तीची भरती बंद केली. सैन्यात स्वेच्छेने लोक यावेत म्हणून तिथे पगार वाढले, आणि त्याबरोबर सोव्हिएत संघाचा ‘संरक्षण खर्च’ही कागदावर वाढला, तिथे एकही जवान न वाढता!

१९७६ साली सीआयएने आपला अंदाज बदलला. संरक्षणावर सोव्हिएत राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ ते ८ टक्के वाटा जातो असं आधी म्हटलं होतं, तो आता ११ ते १३ टक्के झाला. वर्तमानपत्रांनी अर्थ घेतला की रशिया दुप्पट बलवान आहे. खरा अर्थ उलटा होता. रणगाड्यांची संख्या बदललेली नव्हती. तेवढेच रणगाडे बनवायला त्यांना आपल्या समजुतीच्या दुप्पट खर्च येतो, एवढंच कळलं होतं. म्हणजे ती व्यवस्था जास्त थकलेली होती. खुद्द सोव्हिएत सरकारने सत्याच्या जवळपास जाणारा आकडा प्रथम सांगितला तो मे १९८९ मध्ये. २० अब्जांच्या जागी गोर्बाचेव्हने ७७.३ अब्ज रूबल जाहीर केले.

सीआयएला न्यायही द्यायला हवा. वाढीचा दर पन्नाशीच्या दशकातल्या ५-६ टक्क्यांवरून ऐंशीच्या सुरुवातीला २ टक्क्यांच्या घरात आला, ही घसरण त्यांच्या अहवालांत स्पष्ट आहे. चुकली ती एकूण उंची. अर्थव्यवस्था अमेरिकेच्या निम्म्याहून मोठी धरली गेली. त्या मालाला खुल्या बाजारात गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही.

सायबेरियातला हिशेबनीस

सुरुवातीला ज्या दोन माणसांचा उल्लेख केला, त्यांतला एक ग्रिगोरी खानिन, सायबेरियातला अर्थशास्त्रज्ञ. दुसरा वासिली सेल्युनिन, पत्रकार. फेब्रुवारी १९८७ च्या ‘नोवी मीर’ या साहित्यिक मासिकात त्यांचा लेख आला. शीर्षकाचा मराठी अर्थ ‘लबाड आकडा’ असा होईल. खानिन कित्येक वर्षं एकट्याने हे काम करत होता. रूबलचे आकडे बाजूला ठेवून तो वीज, इंधन, धातू, मालवाहतूक यांसारख्या भौतिक मोजमापांकडे वळला. वेगवेगळ्या वाटांनी तोच हिशेब करून उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. ९० पटीचे सहा-सात पट झाले ते इथे.

मला या गोष्टीचं मोल वाटतं ते एका कारणासाठी. सहा-सात पट हीसुद्धा लहान वाढ नाही. मधल्या काळात त्या देशाने महायुद्ध झेललं, दोन कोटींहून जास्त माणसं गमावली. सहा-सात पटीचा खरा आकडा सांगितला असता तरी मान खाली घालायची वेळ आली नसती. पण ९० पटीची सवय लागलेल्या राज्यकर्त्यांना वाढ थांबल्याचं वेळेवर कळलंच नाही. खानिनच्या हिशेबाने ऐंशीच्या सुरुवातीला वाढ जवळपास शून्यावर होती. अधिकृत पत्रकं तेव्हाही ३ टक्क्यांच्या पुढेच होती.

कोसळल्यानंतरही मोजदाद सोपी झाली नाही. १९९० ते १९९८ या काळात रशियाचं राष्ट्रीय उत्पन्न अधिकृत आकड्यांनुसार ४० टक्क्यांच्या आसपास घटलं, औद्योगिक उत्पादन निम्म्याच्याही खाली गेलं. वीजनिर्मिती मात्र १,०८२ अब्ज युनिटवरून ८२७ अब्ज युनिटवर आली, म्हणजे साधारण एक चतुर्थांश घट. काहींनी म्हटलं, खरी घसरण विजेएवढीच, बाकीचा धंदा करचुकवेगिरीत लपला आहे. इतरांनी दाखवून दिलं की बंद पडलेल्या कारखान्यातही दिवे आणि हिटर चालू राहतात. शिवाय आता पूर्वीचा आकडा फुगवायची गरज होती ती संपली होती, उलट कर वाचवायला उत्पादन कमी दाखवणं फायद्याचं होतं. माप तेच राहिलं, पण ते भरणाऱ्याचा स्वार्थ उलटला. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आलेख एकमेकांना जोडला की दरी होती त्याहून खोल दिसते.

आपला रूबल

हा सगळा दुसऱ्यांचा इतिहास नाही. आपली दुसरी पंचवार्षिक योजना ज्या महालनोबिस आराखड्यावर उभी राहिली, त्याच्याशी मिळताजुळता आराखडा फेल्डमन या सोव्हिएत अर्थतज्ज्ञाने १९२८ सालीच मांडला होता. अवजड उद्योगाला अग्रक्रम देण्यामागे सोव्हिएत वाढीच्या टक्क्यांचं आकर्षण होतं हे नाकारता येत नाही. १९५५ च्या करारातून भिलाई उभं राहिलं, ओझरला मिग विमानं बनू लागली, आवडीला टी-७२. भिलाईचे रूळ आजही आपल्या गाड्यांखाली आहेत. टन खरे होते.

हिशेब अंगावर आला तो १९९१ नंतर. एक तर पुरवठ्याची साखळी तुटली. ज्याला आपण ‘रशियन’ म्हणत होतो त्यातलं एएन-३२ कीव्हला बनत होतं, आयएल-७६ ताश्कंदला. एका रात्रीत ते वेगवेगळे देश झाले आणि सुट्या भागांसाठी किती वणवण झाली हे त्या काळात सेवेत असलेल्या वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे कर्ज. शस्त्रांपोटी आपण सुमारे १० अब्ज रूबल देणं लागत होतो. १९७८ च्या करारानुसार रूबलचा दर काही चलनांच्या सरासरीला बांधलेला होता आणि १९९२ पर्यंत तो कागदावर तीस रुपयांच्या वर गेला होता. त्याच सुमारास मॉस्कोच्या बाजारात एका डॉलरला शेकडो रूबल मिळत होते, म्हणजे रूबलची किंमत काही पैसे. देणं नेमकं किती? जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तडजोड झाली. ६३ टक्के कर्ज १२ वर्षांत फेडायचं, उरलेलं ३७ टक्के ४५ वर्षांत बिनव्याजी. तो तोडगा राजकीय होता, कारण हिशेबाने उत्तर निघणार नव्हतं. वाळवंटात चालणाऱ्या टी-७२ ची किंमत तीस रुपयांच्या रूबलातही कळत नव्हती आणि पाच पैशांच्या रूबलातही नाही. ज्या देशात किंमत हीच सरकारी हुकमाने ठरत होती, त्याच्या वस्तूचं मोल बाहेरून लावणं किती कठीण, हे आपण स्वतःच्या तिजोरीवर अनुभवलं.

म्हणून कुठल्याही देशाच्या ताकदीचा आकडा समोर आला की मी तीन गोष्टी विचारतो. नेमकं काय मोजलं, नग की पैसे? कुणाच्या आणि कुठल्या वर्षाच्या भावाने? आणि आकडा लिहिणाऱ्याची बढती त्या आकड्यावर अवलंबून होती का? आपल्याकडे परेड स्टेट वाचतानाही हे प्रश्न कामाचे असतात. उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या बाबतीत तर ते रोजचे आहेत. ली केकियांग २००७ साली लिआओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असताना त्यांनीच अमेरिकन राजदूताला सांगितलं होतं की उत्पन्नाच्या सरकारी आकड्यांपेक्षा विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं आपण पाहतो. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले.

फुगलेले टक्के ओळखता आले की शत्रू पोकळ आहे असं वाटू लागतं, आणि तीच हाल्डरची वाट. टन मोजून झाले की तो अजिंक्य वाटतो, आणि ती शीतयुद्धातल्या अमेरिकेची वाट. दोन्हीकडे हुशार माणसं होती आणि दोन्हीकडे त्यांनी अर्धाच हिशेब केला. आपल्या जवानांना कुठल्या सीमेवर, किती तयारीने उभं करायचं हे शेवटी अशाच कुठल्या तरी आकड्यावर ठरत असतं. तो आकडा पूर्ण तपासणं, हे आपल्या कामाचाच भाग आहे.

जय हिंद.